प्राण्यांच्या आरोग्य विम्याचा अनुभव: क्लेम ठरतो तो केसपेपरवर

आमच्या लॅब्राडोरचा, मोतीचा, आरोग्य विमा उतरवला त्याला आता बरेच महिने झाले असून पॉलिसीच्या नूतनीकरणाची नोटीस आली आहे. या काळात त्याच्या पोटाची एक मोठी शस्त्रक्रिया झाली, कानाचे आणि त्वचेचे दुखणे लांबले आणि दोन्हींचे क्लेम करावे लागले. त्यांपैकी एक मंजूर झाला, दुसरा आधी नाकारला गेला आणि नंतर अर्धामुर्धा मान्य झाला. विमा घ्यावा का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र जाहिरातीत ठळक अक्षरांत छापलेली विमा रक्कम क्लेमच्या वेळी फारशी निर्णायक ठरत नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. तेव्हा निर्णायक ठरतात ते पशुवैद्यकांनी वेळोवेळी लिहिलेले केसपेपर आणि पॉलिसीतील व्याख्यांचे दोन-तीन परिच्छेद.

आमची पॉलिसी परतफेडीच्या पद्धतीची आहे. दवाखान्याचे बिल आपण भरायचे, मग कागदपत्रे पाठवायची आणि कंपनी तिच्या हिशेबाने रक्कम खात्यात जमा करते. माणसांच्या विम्यातील कॅशलेस सोयीची सवय असलेल्यांना हे जड जाते, कारण विमा असूनही पहिल्या दिवशी पूर्ण रक्कम हाताशी असावी लागते. काही कंपन्या पूर्वमंजुरी घेऊन थेट दवाखान्याला पैसे देतात, पण ती मंजुरी कार्यालयीन वेळेत मिळते आणि प्राणी मात्र रात्री-अपरात्री आजारी पडतात. त्यामुळे विमा असला तरी तातडीच्या खर्चासाठी वेगळी शिल्लक ठेवावीच लागते.

‘८० टक्के परतफेड’ हे शब्द वाचून बिलाचे ८० टक्के परत मिळतील अशी समजूत होते, ती हिशेबात टिकत नाही. बिल १०० धरले आणि त्यातील १० पॉलिसीच्या कक्षेबाहेरचे असले, तर ते आधी वगळले जातात. उरलेल्या ९० मधून वजावट, म्हणजे डिडक्टिबल, समजा २०, कमी होते आणि राहिलेल्या ७० वर ८० टक्के लागू होऊन हातात ५६ येतात. काही कंपन्या क्रम उलटा ठेवतात. त्या आधी टक्केवारी लावतात आणि मग पूर्ण वजावट कापतात, त्यामुळे त्याच बिलावर ५२ मिळतात. दोन पॉलिसींची तुलना करताना हा क्रम विचारून घ्यावा, कारण माहितीपत्रकात तो सहसा नसतो. वजावट वर्षातून एकदा लागते की प्रत्येक आजारासाठी वेगळी, हेही त्याच वेळी विचारावे. वारंवार लहान-मोठे आजार होणाऱ्या प्राण्याला वार्षिक वजावट सोयीची पडते. एकच जुनाट आजार वर्षानुवर्षे चालणार असेल, तर आजारागणिक एकदाच लागणारी वजावट परवडते.

पहिला क्लेम शस्त्रक्रियेचा होता. मोतीने पायमोजा गिळला होता, पण त्या वेळी घरात कोणाच्या ते लक्षात आले नाही. उलट्या सुरू झाल्या, पाणीही पोटात ठरेना आणि पोटाला हात लावू देईना, तेव्हा त्याला दवाखान्यात नेले. कापड एक्स-रेमध्ये हाडासारखे किंवा धातूसारखे स्पष्ट दिसत नाही. आतड्यात साचलेल्या वायूवरून अडथळ्याचा संशय येतो आणि खात्रीसाठी बहुतेक वेळा सोनोग्राफी करावी लागते. आमच्याकडेही तसेच झाले. भूल देण्यापूर्वीची रक्ततपासणी, सलाईन, आतडे उघडून पायमोजा काढणे आणि नंतरचे दाखल ठेवणे असा तो सारा क्रम होता. आतड्याचे टाके सुटण्याचा धोका शस्त्रक्रियेनंतर साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक असतो, म्हणून डॉक्टरांनी घरी सोडण्याची घाई केली नाही. बिल वाढले ते बऱ्याच अंशी या देखरेखीमुळे, आणि ती देखरेख अनावश्यक होती असे मी कधीही म्हणणार नाही.

हा क्लेम विनातक्रार मंजूर झाला, त्याचे श्रेय मी दवाखान्याच्या बिलाला देते. ‘शस्त्रक्रिया व औषधे’ असा एकच आकडा त्यात नव्हता. भूल, सोनोग्राफी, शस्त्रक्रियागृह, टाक्यांचे साहित्य, प्रत्येक इंजेक्शन आणि दाखल ठेवण्याचा प्रत्येक दिवस स्वतंत्र ओळीत लिहिलेला होता. वर मोतीच्या ओळखीसाठी कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा १५ अंकी क्रमांक होता आणि सोबत डिस्चार्ज कार्डावर ‘आतड्यात बाह्य वस्तू’ असे निदान नोंदलेले होते. कंपनीने तपासणी शुल्क, गळ्यातील प्लॅस्टिकची कॉलर आणि पचायला हलका असा वैद्यकीय आहार एवढे वगळले. ते पॉलिसीत आधीच लिहिलेले असल्याने त्यावर माझी हरकत नाही. गिळलेल्या वस्तूचा प्रकार काही पॉलिसींमध्ये अपघात मानला जातो, काहींमध्ये आजार, आणि प्रतीक्षा कालावधी, म्हणजे पॉलिसी सुरू झाल्यापासून संरक्षण लागू होईपर्यंतचा काळ, दोन्हींसाठी वेगळा असतो. अपघातासाठी तो बहुधा काही दिवसांचा, आजारांसाठी साधारण १४ ते ३० दिवसांचा आणि गुडघ्याचे लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडून धरणारा पट्टा, तुटण्यासारख्या काही दुखण्यांसाठी अनेक ठिकाणी ६ महिन्यांचाही असतो.

दुसऱ्या क्लेमने मात्र बराच मनस्ताप दिला. मोतीचे कान लाल होऊन त्यातून वास येऊ लागला. तपासणीत यीस्टचा संसर्ग निघाला आणि उपचारांनंतर तो पुन्हा उलटला. त्याच सुमारास तो पोट आणि काखा खाजवू लागला, म्हणून ॲलर्जीच्या दिशेने तपासण्या आणि औषधे सुरू झाली. ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांमध्ये कानांचे दुखणे वारंवार होते, त्यामुळे डॉक्टरांची विचारपद्धती योग्यच होती. कंपनीने संपूर्ण क्लेम फेटाळला. पॉलिसी घेण्यापूर्वी झालेल्या लसीकरणाच्या केसपेपरवर ‘पुढचे पंजे चाटतो’ अशी एक ओळ होती आणि पंजे चाटणे हे ॲलर्जीचे लक्षण असल्याने हा आधीपासूनचा आजार ठरतो, असे कारण कंपनीने दिले.

हे कारण वाचून राग आला तरी पॉलिसीच्या शब्दांत त्याला आधार होता, हे मान्य करावे लागते. बहुतेक पॉलिसींमध्ये आधीपासूनच्या आजाराची व्याख्या निदानावर बेतलेली नसते, लक्षणांवर बेतलेली असते. पॉलिसी सुरू होण्यापूर्वी किंवा प्रतीक्षा कालावधीत एखादे लक्षण दिसले असेल, तर त्याचे नाव कोणालाही ठाऊक नसले आणि त्यासाठी एकही गोळी दिलेली नसली, तरी तो आजार वगळला जाऊ शकतो. क्लेम आल्यावर कंपन्या प्राण्याचा जन्मापासूनचा वैद्यकीय इतिहास सर्व दवाखान्यांतून मागवतात, तो याच कारणासाठी. विक्रीच्या वेळी मात्र हा इतिहास कोणी मागत नाही. माझा खरा आक्षेप इथे आहे. प्रीमियम स्वीकारण्याआधी केसपेपर तपासून काय वगळले जाणार ते लेखी सांगणे कंपनीला सहज शक्य आहे, आणि ते आजारपणाच्या ऐन मध्यावर कळणे अत्यंत क्लेशदायक आहे. काही कंपन्या मागणी केल्यास असे पूर्वपरीक्षण करून देतात. पॉलिसी घेतल्याबरोबर ते मागून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

फेरविचाराचा अर्ज करताना मी क्लेमचे दोन भाग केले. कानातील स्रावाच्या सूक्ष्मदर्शक तपासणीचा अहवाल जोडला आणि डॉक्टरांकडून एक पत्र घेतले. लसीकरणाच्या वेळी पंजाला झालेली जखम आणि तिच्यामुळे चाटणे, जखम भरल्यावर ते थांबणे, पुढच्या तपासण्यांत त्वचा निरोगी असल्याची नोंद, आणि कानाचा संसर्ग प्रथम कधी दिसला, हे सारे त्या पत्रात तारखांसह होते. डॉक्टरांनी त्यात भावनिक आवाहन केले नाही, फक्त नोंदींचा क्रम मांडला, आणि त्याचाच उपयोग झाला. कानाचे उपचार मंजूर झाले. ॲलर्जीचा भाग मात्र कंपनीने कायम नाकारला, कारण जखम एका पंजाला होती आणि केसपेपरवर शब्द ‘पंजे’ असा होता. एका अनेकवचनाने एवढा फरक पडावा हे मला अजूनही अन्यायकारक वाटते. काही पॉलिसींमध्ये बरा होणारा आजार ठरावीक काळ, बहुधा १२ महिने, लक्षणांविना राहिला तर त्यावरील बंदी उठते. ॲलर्जीसारख्या जुनाट आजाराला मात्र ही सवलत क्वचितच मिळते.

याचा अर्थ डॉक्टरांपासून लक्षणे लपवावीत असा कोणी काढू नये. त्यात प्राण्याचेच नुकसान आहे. तपासणीनंतर केसपेपर मागून वाचावा आणि ‘डावा पुढचा पंजा, काटा लागल्याने जखम’ इतकी नेमकी नोंद करण्याची विनंती करावी, एवढेच सुचवायचे आहे. आमच्या डॉक्टरांनी या विनंतीचे स्वागतच केले. आता ते प्रत्येक वेळी ‘लंगडणे नाही, त्वचा व कान निरोगी’ असेही लिहितात, कारण आजार नसल्याची नोंद हाही पुरावा असतो.

डावे-उजवे लिहिण्याचे महत्त्व आणखी एका अटीमुळे वाढते. शरीरात जोडीने असलेल्या अवयवांपैकी एका बाजूला दुखणे आधीपासून असेल, तर दुसऱ्या बाजूचे तेच दुखणेही अनेक पॉलिसी आधीपासूनचे मानतात. गुडघ्यातील क्रुशिएट लिगामेंट हे याचे नेहमीचे उदाहरण आहे. एका पायाचे लिगामेंट तुटलेल्या कुत्र्यांपैकी फार मोठ्या संख्येने पुढे दुसऱ्या पायाचेही तुटते, म्हणून कंपन्या ही अट घालतात. लॅब्राडोरसारख्या वजनदार जातींच्या पालकांनी हा परिच्छेद सही करण्यापूर्वीच वाचावा.

पशुवैद्यकीय बिले इतकी मोठी का असतात, याचा विचार या निमित्ताने बराच झाला. उपकरणे, भुलेची औषधे आणि कुशल हात यांचा खर्च माणसांच्या रुग्णालयासारखाच असतो. रुग्ण स्वतःचे दुखणे सांगू शकत नाही, म्हणून तपासण्यांवर भिस्त अधिक असते आणि साध्या एक्स-रेलाही कधी कधी गुंगी द्यावी लागते. दवाखान्यांच्या मालकीचाही प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये २०१३ च्या सुमारास जेमतेम १० टक्के दवाखाने मोठ्या समूहांच्या ताब्यात होते, ते प्रमाण दशकभरात ६० टक्क्यांच्या जवळ गेले. तेथील स्पर्धा नियामकाने २०२३ मध्ये या क्षेत्राचा आढावा हाती घेतला आणि २०२४ मध्ये रीतसर चौकशी सुरू केली. दर आधी न सांगणे आणि पर्यायांची पुरेशी माहिती न देणे या तक्रारी त्या चौकशीत पुढे आल्या, आणि त्या कुठल्याही पालकाला ओळखीच्या वाटतील. आम्ही आता उपचारांपूर्वी किमान आणि कमाल अशा दोन्ही आकड्यांचा लेखी अंदाज मागतो, आणि सुचवलेल्या तपासणीच्या निकालाने उपचार बदलणार आहे का, हे विचारतो. चांगले डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाहीत. विमा आहे असे कळल्यावर तपासण्यांची यादी वाढते अशी अनेकांची शंका असते. आमच्या दवाखान्याबाबत मला तसे आढळले नाही.

कंपनीच्या सेवेबद्दल थोडक्यात सांगायचे तर ॲपवरून कागद चढवणे सोपे आहे आणि मंजूर रक्कम वेळेवर जमा झाली. फोनवरील माणसे सौजन्याने बोलतात, पण क्लेमचा निर्णय घेणाऱ्या व्यक्तीशी ती जोडून देत नाहीत. त्यामुळे प्रत्येक मुद्दा ईमेलवरच मांडावा, तो पुढे पुरावा म्हणूनही उपयोगी पडतो.

नूतनीकरणाच्या नोटिशीत प्रीमियम वाढलेला आहे. वय आणि जात हे त्याचे मोठे घटक असतात आणि वाढ दर वर्षी होणार हे गृहीत धरावे लागते. वयस्क प्राण्यांसाठी अनेक पॉलिसींमध्ये पालकाचा वाटाही वाढतो. स्वस्त पॉलिसीकडे जाण्याचा विचार आम्ही सोडून दिला, कारण नव्या कंपनीच्या लेखी मोतीचे कान आणि आतडे दोन्ही आधीपासूनचे आजार ठरतील आणि प्रतीक्षा कालावधी पुन्हा शून्यापासून मोजला जाईल. सध्याच्या पॉलिसीची मर्यादा दर वर्षी नव्याने भरते, त्यामुळे कानाचे दुखणे पुन्हा उलटले तरी संरक्षण राहते. ज्या पॉलिसींमध्ये एका आजारासाठी फक्त पहिले १२ महिने पैसे मिळतात, त्या प्रीमियम कमी असूनही आम्हाला उपयोगाच्या नाहीत. वजावटीची रक्कम वाढवून प्रीमियम थोडा खाली आणण्याचा पर्याय आम्ही स्वीकारला आहे, कारण लहान बिले आम्ही स्वतः भरू शकतो. वार्षिक मर्यादा मात्र आहे तेवढीच ठेवली आहे, आणि ॲलर्जीव्यतिरिक्त आणखी काय वगळलेले आहे, त्याची लेखी यादी नूतनीकरणाच्या अर्जासोबतच मागितली आहे.