नसलेल्या टायमिंग बेल्टचे पैसे: गावी निघण्याआधी गॅरेजमध्ये झालेली फसवणूक

आमच्या गाडीला टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या आतले भाग ठरल्या वेळी फिरवणारा पट्टा, नाही. तिच्या इंजिनात तेच काम करणारी साखळी आहे, ज्याला सगळे टायमिंग चेन म्हणतात. तरीही २०२४ च्या गणपतीआधी पुण्यातल्या एका गॅरेजने 'टायमिंग बेल्ट बदलला' म्हणून आमच्याकडून ३,२०० रुपये घेतले. त्या बिलातलं हे सगळ्यात निरुपद्रवी खोटं होतं. त्याच बिलात न बदललेल्या ब्रेक पॅडचे, इंजिन थंड ठेवणाऱ्या, पण न भरलेल्या कूलंटचे आणि न बसवलेल्या पाइपचेही पैसे होते, आणि आम्हाला त्या गाडीतून फोंडा घाट उतरायचा होता. यात माणसं मेली असती. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

गाडी २०१२ ची वॅगन आर, पेट्रोल. बाबांनी घेतलेली, आता मी चालवते. गणपतीला आम्ही पुण्याहून सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, राधानगरी असं करत फोंडा घाटाने कणकवलीकडे उतरतो. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. बरोबर आई, मावशी आणि माझी मुलगी. बारा वर्षांची गाडी भर पावसात घाटात न्यायची म्हणून मी आठवडाभर आधी गॅरेजला दिली आणि काय काय बघायचं ते कागदावर लिहून दिलं: कूलंट, रेडिएटरचे पाइप, ब्रेक, टायर, बॅटरी, वायपर. जुने काढलेले पार्ट मला परत हवेत, हेही त्याच कागदावर होतं.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. प्रत्येक फोनमध्ये एक नवा पार्ट आणि एक नवी भीती. "ताई, घाटात जायचंय ना? मग बेल्ट बदलूनच घ्या, तुटला तर इंजिन बसेल." "फॅमिली बरोबर आहे ताई, पॅडमध्ये रिस्क नको." या लोकांना नेमकं ठाऊक असतं की गावाला निघालेला माणूस वाद घालत नाही. त्याची तारीख ठरलेली असते, घरी माणसं वाट बघत असतात, आणि जुनी गाडी म्हटल्यावर मनात धाकधूक असतेच. त्या धाकधुकीलाच ते किंमत लावतात.

गाडी परत दिली निघायच्या आदल्या रात्री, आठ वाजता, पावसात. आधी दोनदा 'उद्या होईल' झालं होतं. हा उशीर ठरवून केलेला असतो असं माझं आता ठाम मत आहे, कारण अंधारात कोणी बॉनेट उघडून पाइप तपासत नाही आणि सकाळी निघायचं असल्यावर दुसऱ्या गॅरेजला दाखवायला वेळ उरत नाही. बिल साडेसोळा हजारांचं झालं. जुन्या पार्टची पिशवी मागितली, तर ती लगेच हातात ठेवली. त्यात ब्रेक पॅड, एक बेल्ट आणि रबरी पाइपचा तुकडा होता. बॉनेटखाली टॉर्चच्या उजेडात पाइप काळेभोर चमकत होते, कूलंटच्या टाकीत हिरवं पाणी वरच्या खुणेपर्यंत होतं. चाचणी म्हणून गल्लीबोळातून गाडी फिरवली, तर सगळं सुरळीत.

दुसऱ्या दिवशी खंबाटकीचा घाट चढताना एसीतून गोडसर वास यायला लागला आणि पाठोपाठ डॅशवर तापमानाचा इशारा लागला. मी एसी बंद केला, हीटर पूर्ण सोडला म्हणजे इंजिनाची उष्णता थोडी आत खेचली जाते, आणि डावीकडे जागा मिळताच गाडी उभी केली. बॉनेटमधून वाफ येत होती. हायवेच्या १०३३ क्रमांकावर फोन केला. गस्तीची गाडी आली, त्यांनी मागे रस्त्यावर इशाऱ्याचे कोन लावले आणि पाण्याचा कॅन दिला. अशा वेळी रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच ते तोंडावर उसळतं. आम्ही पाऊण तास थांबलो, मग पाणी भरलं आणि हळूहळू घाट पार करून साताऱ्याच्या अलीकडे हायवेला लागून असलेल्या एका छोट्या गॅरेजात पोचलो.

तिथले काका साठीच्या पुढचे. त्यांनी पाइपवरून बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट मला दाखवलं. "ताई, ह्यो पाइप नवा न्हाय. वरनं टायर पॉलिश मारलंय." कापडाने पुसल्यावर खालचं तडकलेलं राखाडी रबर दिसलं. क्लिपपाशी चीर होती आणि तिथूनच पाणी गेलं होतं. रेडिएटरमधून उरलेलं पाणी काढलं तर ते गंजाच्या रंगाचं निघालं. हिरवं कूलंट फक्त बाहेरच्या प्लास्टिकच्या टाकीत ओतलं होतं, कारण ग्राहक तेवढंच बघतो.

शहरात हे का कळलं नाही, तेही काकांनीच समजावलं. साधं पाणी शंभर अंशाला उकळतं. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर उकळायला त्याहून जास्त उष्णता लागते, आणि झाकणाने धरून ठेवलेल्या दाबामुळे ती मर्यादा आणखी वर जाते. पाइपला चीर असली की दाब टिकत नाही. गल्लीत दोन किलोमीटर फिरवताना इंजिन पुरेसं तापतच नाही, दाबही चढत नाही. चार माणसं, सामान, एसी आणि दुसऱ्या गिअरवरचा चढ असं सगळं एकत्र आलं की ती चीर उघडते. या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, ॲल्युमिनियमचं असतं. तापलेलं असताना तसंच दामटलं तर हेड वाकतं, त्याखालचं गॅस्केट (सील) जातं, आणि मग खर्च काही हजारांत राहत नाही.

मग मी ती पिशवी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी बेल्ट उचलला आणि विचारलं, "ह्यो कुणाचा? तुमच्या गाडीला चेन असती." पॅड हातात घेऊन पुढचं चाक खोललं. पिशवीतल्या पॅडचा आकार आमच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरून ठेवणाऱ्या चिमट्यात, बसणाराच नव्हता. ते कुठल्या तरी मोठ्या गाडीचे होते. आमच्या गाडीत आमचेच जुने पॅड होते, दोन-तीन मिलिमीटर उरलेले. नव्या पॅडवर साधारण नऊ-दहा मिलिमीटर अस्तर असतं. जुने पार्ट परत मागणाऱ्या ग्राहकासाठी गॅरेजमध्ये जुन्या पार्टचा एक साठाच ठेवलेला असतो, हे मला त्या दिवशी समजलं. जुने पार्ट परत मागा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो अपुरा आहे.

ब्रेक ऑइल काळपट होतं. बिलात त्याचे सहाशे रुपये लावलेले होते. या ऑइलविषयी फार कमी बोललं जातं, आणि कोकणात उतरणाऱ्या माणसाने तर ते आधी बघायला हवं. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरला की हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की पॅड आणि डिस्क तापतात, ती उष्णता ऑइलपर्यंत जाते आणि ऑइल उकळून नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल थेट खाली जातं आणि गाडी थांबत नाही. दाजीपूरचं जंगल संपल्यावर फोंडा घाट सुरू होतो. पाऊस, धुकं, समोरून एसट्या आणि एकामागून एक वळणं. त्या घाटात माझी मुलगी मागच्या सीटवर असणार होती. सहाशे रुपयांसाठी त्या माणसाने हा धोका आमच्यावर टाकला, आणि त्याला आम्ही कुठे चाललो आहोत हे नीट माहीत होतं. ही गोष्ट मी त्याला माफ करू शकत नाही.

काकांनी मुलाला साताऱ्याला पाठवून पॅड, पाइप आणि कूलंट आणवलं. प्रत्येक खोक्यावरची छापील किंमत मला दाखवली, माझ्यासमोर सील फोडलं, ब्रेक ऑइल पूर्ण बदलून चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. दुपार गेली. मजुरी त्यांनी इतकी थोडी सांगितली की आईने आग्रहाने वर पैसे दिले. आम्ही कोल्हापुरात मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात घाट उतरलो.

बिलातल्या इतर ओळीही सांगते, कारण त्या तुमच्याही बिलात येतील. इंजिन ऑइल चार लिटर लावलं होतं. आमच्या इंजिनात तीन लिटरच्या आसपास मावतं. आपल्या गाडीचा आकडा मालकाच्या पुस्तिकेत छापलेला असतो, तो बघून ठेवा. 'एसी गॅस टॉप-अप' होता. एसीची यंत्रणा बंदिस्त असते, गॅस वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल तर गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तुमच्याकडून पैसे घेण्याची सोय. 'इंजिन ट्रीटमेंट' नावाची दीड हजारांची ओळ होती. तिच्यात नक्की काय केलं ते त्या गॅरेजला आजतागायत सांगता आलेलं नाही.

टायरच्या बाबतीत मात्र त्यांची डाळ शिजली नाही. दोन 'नवे' टायर त्यांनी काढून ठेवले होते. टायरच्या कडेला शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्या टायरवर १११७ होतं, म्हणजे २०१७ चा अकरावा आठवडा. सात वर्षं पडून राहिलेलं रबर नव्याच्या भावात. मी नको म्हटलं आणि ओळखीच्या दुकानातून टायर घेतले. खाचा अजून खोल दिसत असल्या तरी खाचेच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे बघा. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की १.६ मिलिमीटरची मर्यादा आली, आणि पावसाळी प्रवासाला तर त्याच्या बऱ्याच आधी टायर बदलावा.

आता मी गाडी देताना वेगळं करते. नेलपॉलिशचा एक बारीक ठिपका प्रत्येक पाइपवर, बॅटरीवर, ऑइल फिल्टरवर, आणि चाकाच्या जाळीतून हात पोचला तर कॅलिपरमधल्या पॅडच्या पाठीवर. तारीख दिसेल असे फोटो काढते. परत आलेल्या जुन्या पार्टवर माझा ठिपका हवा, आणि गाडीतल्या नव्या पार्टवर तो नको. बॅटरीवर ठिपका असणं फार गरजेचं आहे, कारण चांगली बॅटरी काढून तशीच दिसणारी जुनी बसवण्याचा प्रकार सर्रास चालतो. गाडी ताब्यात दिवसा घेते आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेते, म्हणजे मधल्या रविवारी ताम्हिणी किंवा सिंहगडाचा चढ करून बघता येतो. गल्लीतल्या चाचणीत काहीच कळत नाही.

रस्त्यातही सांभाळा. माझ्या मेहुण्यांना पेट्रोल पंपाबाहेर एका मुलाने हाक मारून थांबवलं, "साहेब, शॉकअप फुटलंय, ऑइल गळतंय." चाकाच्या आत खरंच ऑइल होतं. ते त्याच्या साथीदाराने पिचकारीने मारलेलं होतं, आणि 'आपलं गॅरेज' पन्नास पावलांवर. पुसून दहा किलोमीटर गाडी चालवा. शॉकअप खरंच गळत असेल तर पुन्हा ओलं दिसेल. पंक्चरवाल्याकडे चाक पाण्यात बुडवताना समोर उभे राहा. टोच्याने नवी भोकं पाडून एकाची पाच पंक्चर करणारे आहेत.

परत आल्यावर मी साताऱ्याच्या काकांचं बिल, त्यांच्या परवानगीने काढलेला व्हिडिओ आणि ती पिशवी घेऊन गॅरेजला गेले. आधी "पोरांनी गडबड केली असेल ताई", मग "पुढची सर्व्हिसिंग फ्री करून देतो". मी पैसे परत मागितले तेव्हा आवाज चढला. त्यांनी दिलेला कागद पक्कं बिल नव्हताच, वर 'एस्टिमेट' छापलेलं आणि जीएसटी क्रमांक कुठेच नाही. यूपीआयचे पैसे गॅरेजच्या नावाने न जाता एका व्यक्तीच्या खात्यात गेले होते. पण पैसे गेल्याची नोंद, फोनवरचे मेसेज आणि मी लिहून दिलेल्या कागदाचा फोटो माझ्याकडे होता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि गॅरेजला लेखी पत्र दिलं. त्यानंतर बेल्ट, पॅड आणि पाइपचे पैसे परत आले. बाकीचे द्यायला त्यांनी साफ नकार दिला.

उरलेल्या रकमेसाठी आणि आमचा जीव धोक्यात घातल्याबद्दल मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जायचं असतं. आमच्या सोसायटीत विचारलं तेव्हा त्याच गॅरेजची बिलं असलेली आणखी दोन कुटुंबं निघाली. त्यांच्यातल्या एकाच्या गाडीला चेनच आहे आणि बिलात बेल्ट आहे. दोघांनीही आता १९१५ वर नोंद केली असून त्यांच्या बिलांच्या प्रती मी माझ्या तक्रारीला जोडल्या आहेत.