इसबासाठी साधी पेट्रोलियम जेली: चिकट, पण कामाची

बाळाच्या गालावरचा इसब असो वा मोठ्यांच्या कोपराच्या खळगीतला, बिनवासाची पांढरी पेट्रोलियम जेली हा सर्वांत भरवशाचा लेप. तिच्यात पाणी नसतं, म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाहीत. चुरचुर आणि ॲलर्जी क्वचितच. ‘बेबी’ लिहिलेला सुगंधी डबा मात्र नको.

कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत आंघोळ उरका, अंग टॉवेलने टिपा आणि त्वचा ओलसर असतानाच जेली लावा, तीही केसांच्या दिशेने. उलटं चोळलं की केसांच्या मुळांशी पुटकुळ्या येतात. डब्यात बोटं घालू नका, स्वच्छ चमच्याने काढा. बहुतेकांचं चुकतं ते प्रमाण: अंगभर इसब असेल तर मुलाला आठवड्याला 125 ते 250 ग्रॅम, मोठ्यांना 250 ते 500 ग्रॅम लागते. छोटी डबी म्हणजे निव्वळ समाधान!

आई-वडिलांना दमा, ॲलर्जिक सर्दी किंवा इसब असेल तर मुलाला धोका जास्त. पण जन्मापासून रोज मलम चोपडून इसब टळतो, असं 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं नाही. लाल, सुजलेल्या चट्ट्याला डॉक्टरांनी दिलेलं दाहशामक मलम लागतंच. गोल, उठावदार कडेचं गजकर्ण असेल तर जेलीचा काही उपयोग नाही. उकाड्यात घामोळं वाढतं, तेव्हा हलकं क्रीम बरं.

जेली मुरलेले कपडे चटकन पेट घेतात आणि धुऊनही ती पूर्ण निघत नाही. ज्योतीपासून लांबच राहा.