कॅमेरा बदलला म्हणून 5,800 रुपये घेतले आणि आत चुंबक चिकटवून दिलं

जरा मोठं झालंय पण ज्यांच्या फोनला ओआयएसवाला, म्हणजे हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारा कॅमेरा आहे त्यांनी पूर्ण वाचा.

मी जुन्या गाड्यांचं व्हॅल्युएशन करतो. सातारा, कोरेगाव, कराड, रोजचं फिरणं बाईकवर, आणि मॅप दिसावा म्हणून फोन हँडलला क्लॅम्पमध्ये लावलेला. दीड वर्ष असंच चाललं. मग दिवाळीनंतर एक दिवस कॅमेरा उघडला तर स्क्रीनवरचं सगळं पाण्यात पाहिल्यासारखं थरथरतंय आणि आतून बारीक घरघर आवाज. माझं सगळं काम फोटोवर, चॅसी नंबर नीट वाचता आला नाही तर रिपोर्ट परत येतो, म्हणून त्याच दिवशी स्टँडजवळच्या एका दुकानात गेलो.

त्या माणसाने फोन बंद केला, माझ्या कानाजवळ धरून हलवला आणि म्हणाला, "दादा ऐका, टकटक वाजतंय ना? लेन्स सुटलीय आतून. आख्खं मॉड्यूल बदलावं लागेल, ओरिजिनल टाकतो, 5,800." आवाज खरंच येत होता. मी हो म्हणालो. दोन तासांनी परत गेलो तर पुन्हा फोन कानाजवळ धरून हलवला, आता एकदम शांत. कॅमेरा उघडून समोरच्या मेडिकलचा बोर्ड दाखवला, स्वच्छ, थरथर गायब. पैसे दिले. बिलावर फक्त "मोबाईल रिपेअर" एवढंच लिहिलं होतं आणि मी ते तसंच खिशात घातलं, जुना पार्टही मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी कोरेगावला एका पिकअपचा चॅसी नंबर घ्यायला वाकलो तर फोकसच होईना. लांबचं सगळं दिसतंय, वीतभर अंतरावरचं धूसर. टॅप करून पाहिलं, रिस्टार्ट केला, काही नाही. त्या दिवशीच्या चार गाड्यांचे फोटो रिजेक्ट झाले. दुकानदाराला फोन केला तर म्हणे नवीन कॅमेरा आहे, सॉफ्टवेअर अपडेट मारा, आठवड्यात सेट होईल. आणि मी आठवडाभर थांबलो!

खरा प्रकार कळला तो आईमुळे. ती ब्लाउजला हातशिलाई करत होती, टाचण्या सतरंजीवर पडलेल्या, मी फोन तिथेच ठेवला आणि उचलला तर पाठीला दोन टाचण्या लोंबकळत होत्या. कॅमेऱ्याच्या गोलावर नाही हां, त्याच्या शेजारी, जिथे नुसतं सपाट कव्हर आहे तिथे. बायकोचा फोन याच मॉडेलचा, तो आणून पाहिला. तिच्या फोनला कॅमेऱ्याजवळ टाचणी जेमतेम ओढल्यासारखी व्हायची, बाजूला काहीच नाही.

माझा आतेभाऊ कराडला बरीच वर्षं मोबाईल रिपेअरिंग करतोय, त्याच्याकडे गेलो. त्याने पाठ उघडली तर आत शर्टाच्या बटणाएवढं पातळ गोल चुंबक, डबल टेपने चिकटवलेलं, आणि कॅमेरा माझा जुनाच. बदललाच नव्हता.

मग त्याने मला समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. फोनच्या लेन्सभोवती तांब्याच्या बारीक तारेची कॉइल असते, बाजूला छोटी चुंबकं, आणि लेन्स पातळ पत्र्याच्या स्प्रिंगांवर टांगलेली. कॉइलमध्ये करंट सोडला की लेन्स पुढे सरकते, करंट कमी केला की स्प्रिंग तिला मागे खेचते, स्पीकरमध्ये पडदा हलवायला जी युक्ती असते तीच, म्हणून याला व्हॉइस कॉइल मोटर म्हणतात. ही सगळी हालचाल मिलीमीटरपेक्षाही कमी. ओआयएसमध्ये लेन्स आडवीसुद्धा हलते, म्हणजे हात कुठे हलला ते जायरो, म्हणजे फोनची हालचाल ओळखणारा सेन्सर, सांगतो आणि लेन्स उलट्या दिशेला सरकते, आणि लेन्स नेमकी कुठे आहे हे हॉल सेन्सर चुंबकाच्या ओढीवरूनच ओळखतो. आता शेजारी बाहेरचं चुंबक आणून ठेवलं तर लेन्स एका बाजूला ओढून धरली जाते, सेन्सरही चुकतो. थरथर थांबते कारण लेन्स जखडली, दुरुस्त झाली म्हणून नाही.

आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. बऱ्याच ओआयएस कॅमेऱ्यांत फोन हलवल्यावर हलकी टकटक येणं नॉर्मल असतं! करंट नसला की लेन्स मोकळी झुलते, कॅमेरा चालू केला की मोटर तिला धरते आणि आवाज थांबतो. बायकोच्या चांगल्या फोनवर लगेच करून पाहिलं, अगदी तसंच. म्हणजे त्याने बिघाडाचा पुरावा म्हणून जो आवाज ऐकवला तो बिघाड नव्हताच, आणि नंतर जी शांतता ऐकवली तीच खरी गडबड होती. असा आवाज ऐकवून कोणी पैसे सांगितले तर आधी कॅमेरा चालू करून पुन्हा हलवून बघा.

थरथर मात्र खरी होती, ती बाईकमुळे. अॅपलने 2021 मध्येच सांगितलंय की मोठ्या इंजिनच्या बाईकवर फोन लावला तर सततच्या व्हायब्रेशनने ओआयएस आणि ऑटोफोकस खराब होऊ शकतं. माझा फोन दुसऱ्या कंपनीचा आहे पण आतलं तंत्र तेच.

कॅमेरा दुरुस्तीला देत असाल तर बिलावर पार्टचं नाव लिहून घ्या, जुना पार्ट हातात घ्या, आणि दुकानातून निघायच्या आधी लांबचा बोर्ड आणि जवळची नोट दोन्हींवर फोकस करून बघा, चालता चालता एक व्हिडिओ काढा. मी फक्त बोर्ड बघितला.

आतेभावाने खरं मॉड्यूल मागवून बसवलं, त्याचे 4,200 वेगळे गेले. चुंबक घेऊन मी दुकानात गेलो तर तो म्हणाला हे आमचं नाहीच, आधीपासून असेल. 1915 वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय, चुंबकाचे आणि उघडलेल्या फोनचे फोटो दिलेत, बिल दिलंय. पण बिलावर कॅमेऱ्याचं नावच नाही, त्यामुळे पुढे काय होतं ते बघायचंय.