अंगठीच्या आवाक्याबाहेरचे प्रश्न : ‘ग्रीन लँटर्न/ग्रीन अ‍ॅरो’

डीसी कॉमिक्सच्या ‘ग्रीन लँटर्न’चा ७६ वा अंक एप्रिल १९७० ची तारीख घेऊन पंधरा सेंटला विक्रीस आला, तेव्हा या मालिकेचा खप घसरणीला लागला होता आणि संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांच्यापाशी गमावण्यासारखे फारसे काही नव्हते. त्यांनी लेखक डेनिस ओनील आणि चित्रकार नील अ‍ॅडम्स यांना मोकळे रान दिले. या दोघांनी १९७२ पर्यंत केलेले अंक आता एकत्रित खंडात व डिजिटल स्वरूपात वाचता येतात. वर्णद्वेष, बेघर होणारे भाडेकरू, आदिवासींचे जमिनीवरचे हक्क, व्यसनाधीनता आणि प्रदूषण असे विषय सुपरहिरोंच्या पानांत इतक्या उघडपणे त्यापूर्वी क्वचितच आले होते. तरीही या खंडाची थोरवी विषयांच्या यादीत नाही. अंगठीने काहीही घडवू शकणारा नायक ज्या पानांवर निरुत्तर होतो, ती पाने आजही अस्सल वाटतात. जेथे त्याला झोडपण्यासाठी एखादा खलनायक हाताशी दिला जातो, तेथे गोष्ट लगेच जुनी होते.

हे दोन्ही गुणदोष ७६ व्या अंकातच दिसतात. एका पोरगेल्या तरुणाच्या तावडीतून ग्रीन लँटर्न, म्हणजे हॅल जॉर्डन, एका सुटाबुटातील गृहस्थाला सोडवतो आणि शाबासकीची वाट पाहत असतानाच आजूबाजूचे रहिवासी त्याच्यावर डबे फेकतात. तो गृहस्थ त्या मोडकळीस आलेल्या चाळवजा इमारतीचा मालक आहे आणि गाड्या उभ्या करण्याच्या जागेसाठी तो भाडेकरूंना रस्त्यावर काढणार आहे, हे हॅलला त्याचा धनुर्धारी साथीदार ग्रीन अ‍ॅरो सांगतो. मग एक वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ पुढे येतो आणि विचारतो की, निळ्या, नारिंगी, जांभळ्या कातडीच्या परग्रहवासीयांसाठी तू एवढे केलेस, मग काळ्या कातडीच्या माणसांसाठी काहीच का केले नाहीस? अ‍ॅडम्स यांनी त्याच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती रेखली आहे आणि विश्वरक्षकाची मान खाली गेलेली दाखवली आहे. जाहिरातींसाठी आणि ‘बेन केसी’ या वृत्तपत्रीय चित्रमालिकेसाठी काम केलेल्या या चित्रकाराची वास्तवदर्शी रेषा येथे शब्दांहून अधिक बोलते.

पुढे मात्र लेखक पळवाट काढतो. घरमालकाने मारेकरी धाडले, हे त्याच्याच तोंडून वदवून घेतले जाते आणि तो पकडला जातो. म्हणजे भाडेकरूंना हुसकावणे कायद्यात बसते, ही खरी अडचण बाजूला राहते आणि साधा फौजदारी गुन्हा तिची जागा घेतो. त्या वृद्धाला उत्तर मिळतच नाही.

यानंतर दोघे नायक आणि ग्रीन लँटर्न नेमणाऱ्या परग्रहवासी ‘गार्डियन’ मंडळींपैकी मानवरूप घेतलेला एक जण जुनाट ट्रकमधून अमेरिका पाहायला निघतात. या प्रवासातील सगळेच थांबे सारख्या तोलाचे नाहीत. लोकसंख्यावाढीवरील ८१ वा अंक विसरण्याजोगा आहे आणि स्त्रियांवरील अन्यायाकडे वळू पाहणारा ८२ वा अंक ग्रीक पुराणातील हार्पींच्या, म्हणजे पंख असलेल्या स्त्रीरूपी राक्षसिणींच्या, गर्दीत हरवतो. ७९ व्या अंकात गोरा ग्रीन अ‍ॅरो एका दिवंगत अमेरिकी आदिवासी नायकाचे सोंग घेऊन त्याच्या लोकांना धीर देतो. हेतू नेक असला तरी आज ते वाचताना संकोच वाटतो. ओनील यांचे संवादही पुष्कळदा व्यासपीठावरून आल्यासारखे वाटतात. ग्रीन अ‍ॅरो दर दोन पानांनी भाषण ठोकतो आणि हॅल नंदीबैलासारखा मान डोलावतो.

खंडाचा कळस १९७१ मधील ८५ आणि ८६ या अंकांत आहे. प्रकाशकांनी १९५४ मध्ये स्वतःवर लादून घेतलेल्या कॉमिक्स कोडमुळे अमली पदार्थांचे चित्रणच निषिद्ध होते. प्रतिस्पर्धी प्रकाशक मार्व्हलने ‘स्पायडरमॅन’चे ९६ ते ९८ हे अंक त्या संहितेच्या शिक्क्याविना काढले, त्याच वर्षी नियम सैल झाले आणि डीसीलाही वाट मिळाली. रस्त्यावरील भुरट्यांनी मारलेला बाण ग्रीन अ‍ॅरोच्या खांद्यात घुसतो आणि तो त्याच्याच घरातला निघतो, ही सुरुवातच नेमकी आहे. त्याने सांभाळलेला रॉय हार्पर, म्हणजे स्पीडी, हेरॉइनच्या आहारी गेलेला असतो आणि ते कळल्यावर हा गरिबांचा कैवारी त्याला मारून घराबाहेर काढतो. व्यसन सुटतानाच्या यातनांत रॉयजवळ ब्लॅक कॅनरी ही सहकारी नायिका थांबते. समाजाच्या दुःखावर बोलणाऱ्याला घरातले दुःख दिसत नाही, हे ओनील यांनी येथे भाषणाविना दाखवले आहे. अमली पदार्थांचा सूत्रधार प्रतिष्ठित औषध उद्योजक असणे हाही मार्मिक तपशील आहे. रॉय फारच लवकर बरा होतो, ही उणीव मात्र मोठी आहे, कारण एवढ्या थोड्या पानांत हेरॉइन सुटत नाही. न्यूयॉर्कचे तत्कालीन महापौर जॉन लिंडसे यांचे कौतुकाचे पत्र ८६ व्या अंकात छापले गेले होते.

८७ व्या अंकात जॉन स्टुअर्ट हा बेकार वास्तुविशारद राखीव ग्रीन लँटर्न म्हणून निवडला जातो. लपवण्यासारखे काही नाही म्हणून तो मुखवटा नाकारतो आणि वर्णद्वेषी सिनेटरला वाचवण्याची कामगिरी मिळाल्यावर हॅलला न पटणाऱ्या रीतीने ती पार पाडतो. ‘जस्टिस लीग’ या अ‍ॅनिमेशन मालिकेतून ओळखीचा झालेला हा नायक मुळात एवढा फटकळ होता, हे पाहून मौज वाटते. पुढे ८९ व्या अंकानंतर मालिका बंद पडली. वाखाणणी आणि पुरस्कार यांनी खप सावरला नाही.

पूर्ण खंड घेणे परवडत नसेल तर ७६, ८५, ८६ आणि ८७ हे अंक डिजिटल स्वरूपात सुटे घ्यावेत. सिरिंजची दृश्ये असल्यामुळे शाळकरी मुलांच्या हाती ८५ वा अंक देण्यापूर्वी पालकांनी तो स्वतः वाचावा.