ईसीएचएस कार्डाचं जवळपास वर्ष: पैसे वाचले, दिवस गेले

लष्करातून हवालदार म्हणून सुटून मला वर्ष होत आलं. या काळात ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड माझ्या बीपी-शुगरसाठी आणि बायकोच्या पित्ताशयातल्या खड्यांसाठी बऱ्यापैकी वापरून झालं. येत्या वर्षात जे पेन्शनवर येणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी चांगलं ते सांगतो. योजना १ एप्रिल २००३ला सुरू झाली. त्याआधी माजी सैनिकाला लष्करी रुग्णालयाचा आधार असे, पण तोही खाट शिल्लक असेल तर. आता सुटताना एकदाच पैसे भरायचे: हवालदारापर्यंत ३०,००० रुपये, जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) ६७,०००, अधिकाऱ्यांना १,२०,०००. पुढे आयुष्यभर हप्ता नाही आणि जुना आजार आहे म्हणून नकार नाही. बायको त्यातच येते. बाजारातल्या कुठल्या विमा एजंटला या भावात असं काही मागून बघा, तो चहा पाजून वाटेला लावेल. बायकोचं ऑपरेशन झालं, चार दिवस राहिलो, पदरचा रुपया गेला नाही.

पण तिथवर पोचायला जे लागतं, ते सुटण्याआधी कुणी सांगत नाही. नोकरीत डोकं दुखलं तर एमआय रूम (युनिटचा दवाखाना) गाठायची, नंबर-नाव-युनिट सांगायचं, पुढचं सगळं नर्सिंग असिस्टंट बघायचा. सुटल्यावर नर्सिंग असिस्टंट, क्लार्क, रनर सगळं आपणच.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला बायकोच्या नावानं. लग्नानंतर पार्ट टू ऑर्डर (लष्करी रेकॉर्डमधली अधिकृत नोंद) निघाली तेव्हा तिचं माहेरचं नाव लागलं होतं, आडनावाच्या जागी नुसतं ‘बाई’. आधारवर सासरचं पूर्ण नाव, मधे माझं. जन्मतारखेतही फरक. आपल्याकडच्या निम्म्या फौजींची हीच कथा, कारण तीन तुकड्यांचं नाव कुठला तुकडा कुठे घालायचा हे रेकॉर्डमध्ये ज्याच्या हाती पडलं त्याच्या मर्जीवर असतं. कार्डाचा अर्ज ऑनलाइन, पण नाव जुळेना म्हणून तो परत आला. मग प्रतिज्ञापत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा शिक्का, रेकॉर्ड ऑफिसला टपाल, आणि नंतर नुसती वाट बघणं. युनिटमध्ये असताना हेच काम हेड क्लार्कच्या टेबलासमोर उभं राहून होऊन जातं. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), आधार, पॅन या चारही कागदांवर दोघांचं नाव अक्षर न अक्षर एक आहे का, ते अंगावर वर्दी असतानाच बघा. पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवरही हीच नावं आणि तारखा लागतात, त्यामुळे एकदा केलेली दुरुस्ती दोन्हीकडे उपयोगी पडते.

आता पॉलिक्लिनिक, म्हणजे ईसीएचएसचा दवाखाना. आमचं जिल्ह्याच्या गावी आहे. सकाळची पहिली एसटी पकडली तरच टोकन वरचं मिळतं. सर्व्हर चालू असेल तर कार्ड लगेच वाचलं जातं, नसेल तर सगळे बाकावर. एकदा माझ्या शेजारी एका फौजीची म्हातारी विधवा बसली होती. मांडीवर कॅन्टीनची पिशवी, तिच्यात नवऱ्याच्या डिस्चार्ज बुकापासून कालच्या एक्सरेपर्यंत सगळं. खिडकीतून जो कागद मागतील तो ती न बघता हात घालून काढायची. तिला सांगितलं, स्पेशालिस्टचा करार संपलाय, नवीन माणूस येईपर्यंत मेडिकल ऑफिसरच बघतील. इथले डॉक्टर-कर्मचारी बहुतेक कंत्राटी, त्यामुळे खुर्ची रिकामी होते आणि रिकामीच राहते. जे आहेत ते मात्र माणुसकीनं वागतात, आवाज चढवतो तो बहुतेक वेळा आपलाच फौजी.

औषधांचं निम्मं-निम्मं. बीपीची गोळी महिन्याची मिळते. शुगरची एक गोळी मात्र बऱ्याचदा ‘एनए’, म्हणजे शिल्लक नाही. मग ती ठरवून दिलेल्या केमिस्टकडून मागवतात, म्हणजे पुन्हा एक फेरी. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच जात जा.

ऑपरेशनचं रेफरल (पॉलिक्लिनिकची पुढे पाठवायची चिठ्ठी) मिळालं तेव्हा पॅनेलवरचं, म्हणजे योजनेशी करार असलेलं, एक खाजगी रुग्णालय निवडलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘काका, ईसीएचएसचे पेशंट सध्या घेत नाही, मागची बिलं अडकलीत.’ बोर्डावर नाव झळकत होतं, तरी. तक्रार पॉलिक्लिनिकच्या ओआयसींकडे (प्रभारी अधिकाऱ्यांकडे) लेखी द्यायची असते, ती दिली. दुसऱ्या रुग्णालयानं विनातक्रार घेतलं. बिलांचे पैसे सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या) दरानं मिळतात आणि उशिरा मिळतात, म्हणून काही रुग्णालयं हात आखडता घेतात, हे समजू शकतं. पण दारात उभ्या पेशंटनं ते समजून घ्यावं ही अपेक्षा जरा जास्तच आहे. आणखी एक, रुग्णालय पॅनेलवर असलं तरी सगळ्या विभागांसाठी असतंच असं नाही. रेफरल घेण्याआधी फोन करून विभागाचं नाव घेऊन विचारा.

इमर्जन्सीत रेफरल लागत नाही. पॅनेलवरचं रुग्णालय असेल तर कार्ड दाखवा, कळवायची जबाबदारी त्यांची. पॅनेलबाहेरच्या ठिकाणी जावं लागलं तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं, बिल आपण भरायचं आणि नंतर सीजीएचएसच्या दरानं परत मागायचं. घरातल्या पोरांना हे तोंडपाठ करवून घ्या, कारण त्या वेळी आपण बोलायच्या स्थितीत असूच असं नाही.

अपंगत्वाच्या पेन्शनचा विषय वेगळा, पण एक सांगून ठेवतो. आमच्या बॅचच्या एकाला रिलीज मेडिकल बोर्डानं (सुटताना तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळानं) ‘आजाराचा नोकरीशी संबंध नाही’ लिहून घरी पाठवलं, आणि भरतीच्या वेळी तर तो ठणठणीत पास झाला होता. भरतीच्या कागदांवर आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीतच जडला असं धरावं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३च्या धरमवीर सिंग निकालात म्हटलं आहे. २०२३ साली नियम बदलले, त्यामुळे त्यानंतर सुटलेल्यांनी वकिलाकडून आपल्या तारखेचा नियम आधी समजून घ्यावा. बोर्डाच्या कागदांची प्रत मात्र युनिट सोडण्याआधी हातात हवीच.

माझं सध्या ईसीएचएसमध्ये आईचं नाव जोडायचं काम चालू आहे. तिचं उत्पन्न सगळ्या मार्गांनी मिळून महिना ९,००० अधिक महागाई भत्ता याच्या आत असल्याचा दाखला लागतो. तलाठ्याकडचा कागद झाला, तहसीलचा बाकी आहे. कुणाचं अलीकडे झालं असेल तर सोबत काय काय जोडलं, ते जरूर सांगा.