नऊ महिने, ड्रॉइंग बोर्ड आणि शेजारचा छोटा रेडिओ

हा अनुभव तळहातावर मावेल एवढ्या, एफएम, मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह असे तीन बँड असलेल्या एका साध्या रेडिओचा आहे. गेल्या जूनच्या अखेरीस मी तो पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून १,३५० रुपयांना घेतला. त्यावरचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हाच साचा, हीच बटणे आणि हाच पडदा असलेला सेट शेजारच्या दोन दुकानांत दोन निराळ्या नावांनी मांडलेला होता, तेव्हा नावावरून कोणाला काही कळेल असे वाटत नाही. मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कर्वेनगरमध्ये दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीत राहते, आणि आमच्याकडे या वर्षीही शीट (आराखड्याचा मोठा कागद) हातानेच काढावे लागत असल्याने सबमिशनच्या आधीचे आठ-दहा दिवस रात्री दोन-अडीचपर्यंत बोर्डापाशी उभे राहण्यात जातात. रेडिओ घेतला तो या रात्रींसाठी, आणि तो कसा आहे हे मी त्याच हिशेबाने सांगणार आहे.

त्याआधी दोन वर्षे मी फोनवर गाणी लावत होते. त्यात गाण्यांचा दोष नव्हता, फोनचा होता. एखादे गाणे नको वाटले की हात फोनकडे जायचा, तिथे वर्गाच्या ग्रुपवर कोणी तरी आपल्या शीटचा फोटो टाकलेला असायचा, तो मोठा करून पाहण्यात आणि आपले काम किती मागे आहे याची खंत करण्यात वीस मिनिटे जायची, आणि तोवर ट्रेसिंग पेपरवर ठेवलेल्या पेनाचे टोक सुकून गेलेले असायचे. रेडिओवर पुढचे गाणे आपल्या हाती नसते. आवडले तर ऐकायचे, नाही आवडले तर तीन-चार मिनिटे सोसायचे. ही लाचारी मला फार उपयोगी पडली. पहिल्या पंधरा दिवसांतच फोन कपाटावर ठेवण्याची सवय लागली आणि एकदा लागलेली ती सवय, काही अपवाद सोडले तर, टिकली.

सेटची ओळख थोडक्यात करून देते. ऑटो सर्चचे बटण दाबून धरले की तो एफएमची केंद्रे स्वतःच शोधून ठेवतो. आमच्या खोलीत ९१.१, ९३.५, ९४.३ आणि ९८.३ ही खासगी केंद्रे आणि १०१ वरची विविध भारती स्वच्छ लागतात. विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ वर आहे, पण समुदाय रेडिओला १०० वॅटच्या आसपासचीच प्रक्षेपणशक्ती वापरण्याची मुभा असते, त्यामुळे गणेशखिंडीपासून इतक्या अंतरावर ती फक्त खिडकीत, एरियल पूर्ण ताणून आणि तेही मिळेल तेव्हा मिळते. स्पीकरचा आवाज पातळ आहे, तबल्याचा डग्गा जवळजवळ ऐकूच येत नाही, पण निवेदकाचा शब्द न् शब्द कळतो. रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्याला तेवढे पुरते.

माझ्या रात्रीचे वेळापत्रक आता विविध भारतीवर बसले आहे. दहाला ‘छायागीत’ सुरू होते. त्यात निवेदक एखादा विषय घेऊन आपल्या निवडीची गाणी आणि त्यांना जोडणारे चार शब्द ऐकवतो. त्या अर्ध्या तासात मी पेन्सिलीचे काम करते, म्हणजे ग्रिड आखणे, भिंतींची जाडी धरणे आणि मापे तपासणे. नंतर ‘आपकी फर्माइश’ लागते. श्रोत्यांच्या नावांच्या लांबलचक याद्या ऐकताना झुमरी तिलैया या झारखंडमधल्या गावाचे नाव इतके प्रसिद्ध का झाले असावे हे मला पहिल्यांदा समजले. ही नावे वाचली जात असताना हाताने हॅचिंग, म्हणजे बारीक समांतर रेघांनी भाग भरण्याचे काम करावे, कारण त्या कामात डोके लागत नाही आणि कोणाचे तरी अखंड बोलणे सोबतीला बरे वाटते. फर्माइश संपली की अकराच्या सुमारास धरलेला भाग पुरा झाला पाहिजे, असा मी स्वतःशी नियम केला आहे. भिंतीवरच्या घड्याळाने हे मला कधी करायला लावले नव्हते.

खासगी केंद्रांचा अनुभव निराळा आहे. मध्यरात्रीनंतर त्यांच्यावर बोलणे जवळजवळ थांबते आणि गाण्यांमागून गाणी येत राहतात, जाहिरातीही विरळ होतात. बोर्डावर काम करणाऱ्याला हे सोयीचे आहे, पण त्याच त्या गाण्यांचा फेरा तीन रात्रींत पाठ होतो. मराठी गाणे तर अशा वेळी इतके क्वचित लागते, की लागलेच तर आम्ही तिघी मान वर करून एकमेकींकडे पाहतो. घरमालकीण काकूंनी एकदा जिन्यातून विचारले, “काय गं, बारा वाजता कोण गातंय तुमच्याकडे?” रेडिओ आहे म्हटल्यावर त्या चक्क आत येऊन बसल्या, आणि रेडिओसाठी पोस्टात लायसन्सचे पैसे भरण्याचे दिवस, ‘आपली आवड’मध्ये नाव यावे म्हणून टाकलेली पोस्टकार्डे असे बरेच काही सांगून गेल्या. त्या रात्री काम काही झाले नाही, पण त्यानंतर आवाजाची तक्रारही कधी आली नाही.

आता ज्यासाठी हे सगळे लिहायला घेतले त्या मुद्द्याकडे येते. रेडिओ लावून कामे होतात का, असे मला पुष्कळ जणी विचारतात. माझे उत्तर असे, की हाताची होतात आणि वाचनाची होत नाहीत. इमारत-सेवांच्या पेपरचा ड्रेनेजचा धडा मी तीन रात्री रेडिओ लावून वाचला आणि इन्स्पेक्शन चेंबर किती अंतरावर द्यायचे हे मला परीक्षेत आठवले नाही, त्या रात्री लागलेले एक गाणे मात्र आठवत राहिले. ज्याचे शब्द समजतात ते गाणे वाचनाच्या आड येते. सतार किंवा बासरी लागली असेल तर तितका त्रास होत नाही, पण ती रात्री हवी तेव्हा मिळत नाही.

हातकामातही सावध राहावे लागते. सप्टेंबरच्या सबमिशनला मी ट्रेसिंग पेपरवर शाईने जिन्याचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढत होते आणि पूर्ण पाठ असलेले गाणे लागले. मी गुणगुणत राहिले आणि पंधरा रायझरच्या (पायरीच्या उभ्या भागांच्या) जागी सोळा काढून मोकळी झाले, शिवाय वरच्या मजल्याची स्लॅबही त्याच हिशेबाने ओढली. मग अर्धे ब्लेड घेऊन शाई खरवडण्याचा तो उद्योग सुरू झाला. ब्लेड जवळजवळ आडवे धरून, कागदाचा फक्त वरचा पापुद्रा निघेल इतक्याच दाबाने रेघ खरवडायची, मग त्या जागी खोडरबर फिरवायचा आणि नखाची पाठ घासून कागद पुन्हा गुळगुळीत करायचा, नाही तर नवी शाई तंतूतंतूंतून फुटते. पाऊण तास गेला. तेव्हापासून मोजणीचे काही असले की आवाज बंद, हे ठरले आहे.

मीडियम वेव्हबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण दुकानदाराने “ते आता कोण ऐकतं?” म्हणून तो भाग दाखवलाच नव्हता. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर लावल्यावर सुरुवातीला नुसती घरघर यायची. सेटच बिघडला आहे असे समजून मी तो परत करायला निघाले होते. मैत्रिणीने बोर्डावरचा एलईडी दिवा बंद केला आणि घरघर निम्मी झाली, लॅपटॉपचा चार्जर काढला आणि उरलेलीही बरीचशी गेली. या वस्तूंमधील वीजपुरवठ्याची सर्किटे विद्युत गोंगाट सोडतात आणि तो मीडियम वेव्हवर थेट ऐकू येतो, एफएमला त्याची फारशी बाधा होत नाही. दुसरी गोष्ट अशी, की या बँडचा एरियल म्हणजे बाहेर ताणायची दांडी नसून आत बसवलेली फेराइटची कांडी असते, म्हणून दांडी ओढण्याने काहीच साधत नाही, पण सेट टेबलावर पाव वळसा फिरवला की आवाज एकदम उठतो किंवा बसतो. आता आमच्या टेबलावर पेन्सिलीने एक खूण केली आहे, सेटची उजवी कड त्या खुणेला लावायची.

ऑक्टोबरात परतीच्या पावसात एके रात्री दहा-सव्वादहाला आमच्या भागातली वीज गेली. गल्लीतले सगळे दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टरवर नसलेले पंखे एकाच वेळी बंद पडले आणि मीडियम वेव्ह इतकी स्वच्छ झाली, की आम्ही शीट सोडून तिघी सेटभोवती बसलो. ७६५ वर कन्नड निवेदन आले, म्हणजे धारवाड. ते हळूहळू विरायचे आणि पुन्हा वर यायचे. सूर्यास्तानंतर वातावरणातला, या लहरी शोषून घेणारा खालचा थर विरतो, आणि मग लहरी वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटर दूर पोहोचतात, हे आम्ही शाळेत वाचले होते. मैत्रीण बेळगावची, तिने गाण्याचा अर्थ सांगितला. वीज अकराला आली आणि घरघरही परत आली.

दोष सांगायला हवेत. सर्वांत मोठा दोष आवाजाचा आहे. तो आकड्यांच्या पायऱ्यांनी वाढतो आणि पहिली पायरीच झोपलेल्या माणसाच्या दृष्टीने मोठी आहे, म्हणजे हा सेट ज्या वेळी ऐकण्यासाठी घेतला त्याच वेळी तो अडचण करतो. मी स्पीकरच्या जाळीवर कापडी टेपचे दोन थर लावले आहेत. दिसायला वाईट दिसते, पण उपाय चालला. बॅटरी बीएल-५सी प्रकारची, जुन्या साध्या नोकिया फोनांत असायची तीच आहे. सुरुवातीला ती हळू आवाजात नऊ-दहा तास पुरत असे, पण पाचव्या महिन्यात फुगली आणि मागचे झाकण बसेना. ती लगेच काढून मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून दीडशे रुपयांची दुसरी आणली. ही बॅटरी कुठेही मिळते, हा या सेटचा खरा गुण म्हणावा लागेल. एरियलच्या बुडाचा स्क्रू दर महिन्याला सैल होतो. घड्याळ आठवड्याला दोन-अडीच मिनिटे मागे पडते, म्हणून त्याच्या गजरावर ज्युरीची, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडण्याची, सकाळ सोपवू नये.

ॲपवर हेच सगळे मिळते, मग सेट कशाला, असाही एक प्रश्न असतो. आकाशवाणीच्या ॲपवर देशभरातली केंद्रे मिळतात हे खरे आहे, आणि आवाजही माझ्या सेटपेक्षा चांगला येतो. पण फोन पुन्हा बोर्डाशेजारी येतो. फोनमध्येच एफएम असते तर निदान डेटा वाचला असता, पण २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोबाइल कंपन्यांना ही सुविधा बंद न ठेवण्याची सूचना करूनही माझ्या फोनमध्ये ती नाही. शिवाय एकदा मैत्रिणीने ॲप आणि मी सेट असे एकच केंद्र लावले, तेव्हा तिच्याकडे गाणे सुमारे अर्ध्या मिनिटाने मागे होते आणि खोलीत जो गोंधळ झाला तो ऐकण्यासारखा होता.

रात्रभर जागलेच तर पहाटे आकाशवाणीची ती जुनी संकेतधून ऐकू येते. १९३०च्या दशकात वॉल्टर कॉफमन या, युरोपातून मुंबईला आलेल्या संगीतकाराने ती बांधली. इतरांना ती ऐकून प्रसन्न वाटत असेल. आमच्याकडे मात्र ती लागली, की कोणी तरी “आता पुरं नाही होणार, आहे तसंच लाव” म्हणते आणि शीट गुंडाळायला घेते. वर्षभरात ती मी चार वेळा ऐकली, त्यातल्या दोन वेळा शीट अपुरेच लावले.

एप्रिलमध्ये थिअरीचे पेपर आहेत. तोवर सेट मी बेळगावच्या मैत्रिणीकडे दिला आहे. तिचे मॉडेल अजून अर्धेच झाले आहे आणि मॉडेलसाठीचा सनबोर्ड (फोमचा कडक पत्रा) कापायला तिला सोबत हवी आहे. जाळीवरची टेप तिने काढू नये, एवढीच अट घातली आहे.