साडेबारा हजार फीचं प्रवासी क्रेडिट कार्ड: वर्षभराच्या वापरानंतर

फी १२,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे प्रत्यक्षात जातात १४,७५०. बँकेचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. शिवाय या फीची कार्डं आज एकाहून जास्त बँका देतात आणि अटी थोड्याफार इकडच्या तिकडे. कार्ड धातूचं आहे, जड लागतं. ते ज्या काळ्या डब्यातून आलं तो डबा मात्र खरंच चांगला आहे. सासूबाईंनी त्यात सुया-दोरे ठेवलेत.

आमचं घर पुण्यात. मी, नवरा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि सासूबाई. नोकरीमुळे मला बंगळुरू-दिल्लीच्या फेऱ्या असतात, माहेर नागपूरचं, आणि जमलं तर वर्षाकाठी घरचा एखादा परदेशप्रवास. हे आधी सांगते, कारण महिन्यातले पंधरा दिवस विमानात असणाऱ्याचा हिशोब वेगळा आणि दिवाळीत एकदा गोव्याला जाणाऱ्याचा वेगळा. आम्ही या दोघांच्या मधले.

बँकेच्या माहितीपत्रकात प्रत्येक सवलतीपुढे एक रक्कम छापलेली असते आणि खाली बेरीज असते, फीच्या कितीतरी पट. त्या बेरजेकडे मी बघत नाही. कार्ड नसतं तर या गोष्टीसाठी मी स्वतःच्या पर्समधून किती काढले असते, तेवढीच तिची किंमत. गोल्फच्या फुकट फेऱ्या: शून्य. फोनवरची कॉन्सिअर्ज सेवा (बुकिंग वगैरे कामं करून देणारी): शून्य. एका हॉटेलात टेबल हवं होतं म्हणून फोन करून पाहिला, तर तिकडून दोन तासांनी उत्तर आलं की हॉटेलला थेट फोन करा. एका हॉटेल-साखळीचं मधल्या दर्जाचं सभासदत्वही मिळतं. त्यातून उशिरा खोली सोडायची मुभा एकदा मिळाली, एकदा ‘आज हाऊसफुल्ल आहे मॅडम’ असं ऐकायला मिळालं.

लाउंजबद्दल (विमानतळावरचं खाण्या-बसायचं वेगळं दालन) जरा सविस्तर, कारण बहुतेक लोक कार्ड त्यासाठीच घेतात. पुण्याचं नवं टर्मिनल जुलै २०२४ मध्ये सुरू झालं. जुन्या इमारतीत जो जीव गुदमरायचा तो आता नाही. बसायला जागा आहे, पाणी आहे, चार्जिंग आहे. म्हणजे लाउंजमध्ये मिळणाऱ्या निम्म्या गोष्टी आता बाहेरही आहेत. उरलं खाणं. पहाटेच्या विमानाला मी घरून चहा पिऊन निघते. कार्ड नसताना फार तर एक कॉफी आणि सँडविच घेतलं असतं. ते चारशेच्या घरात जातं. म्हणून देशातल्या लाउंजच्या एका भेटीची माझ्या लेखी किंमत चारशे. इडली-उपमा-पोहे असतात, पोह्यांवर शेव वेगळी मागावी लागते. आणि रांग. सुट्ट्यांच्या दिवसांत तर दारातच वीस मिनिटं. नागपूरला जाताना सासूबाई त्या रांगेत उभ्या राहून म्हणाल्या, “अगं, एवढ्या वेळात दगडूशेठचं दर्शन झालं असतं.” त्यानंतर त्या गेटजवळच बसतात आणि डब्यातली धपाटी खातात.

लोकांना लाउंज फुकट वाटतं, पण त्याचे पैसे बँक भरते आणि आता बँकांना ते जड झालंय. आयसीआयसीआयने एप्रिल २०२४ पासून अनेक कार्डांवर अट घातली की आधीच्या तिमाहीत ३५,००० खर्च केला असेल तरच लाउंज. त्याच वर्षाच्या शेवटी ती रक्कम ७५,००० केली. बँका आणि लाउंज यांच्या मधलं काम करणाऱ्या ड्रीमफोक्स कंपनीने तर सप्टेंबर २०२५ मध्ये देशांतर्गत लाउंजचं कामच थांबवलं. माझ्या कार्डावर सध्या भेटींना मर्यादा नाही आणि ॲड-ऑन (घरच्यांच्या नावाची जोड) कार्डं फुकट असल्याने घरच्यांनाही वेगळे पैसे पडत नाहीत. पण ‘सध्या’ हा शब्द महत्त्वाचा. दुसरीकडे सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर उडान यात्री कॅफे काढला: चहा दहा रुपये, समोसा वीस. हे सगळीकडे झालं तर माझे चारशेही खाली येतील.

परदेशातलं लाउंज मात्र मला पटलं. सिंगापूरहून परतताना हॉटेलची खोली दुपारी सोडलेली, विमान रात्रीचं, चौघंही घामाने चिकट. तिथल्या चांगी विमानतळावर लाउंजमध्ये अंघोळ झाली, गरम जेवण झालं, मुलगी तासभर झोपली. तिथे माणशी दोन हजार मागितले असते तरी मी कुरकुर न करता दिले असते. कार्डासोबत मिळणाऱ्या प्रायॉरिटी पासवर (जगभरच्या लाउंजमध्ये चालणारं सभासदत्व) हे होतं. तोच पास भारतातल्या लाउंजला दाखवला तर काही बँका डॉलरमध्ये पैसे कापतात, तेव्हा देशात नेहमी मूळ कार्डच दाखवायचं.

आता परकीय चलन. साध्या क्रेडिट कार्डावर परदेशातल्या खर्चाला साडेतीन टक्के मार्कअप (चलन बदलून देण्याबद्दल बँकेचं शुल्क) असतो, त्यावर जीएसटी धरून ४.१३ टक्के. माझ्या कार्डावर दोन टक्के, म्हणजे जीएसटीसह २.३६. तीन लाखांच्या खर्चावर साध्या कार्डाने १२,३९० गेले असते, याने ७,०८० गेले. वाचले ५,३१०. बँकेचा हिशोब इथेच थांबतो. पण मार्कअप शून्य असलेली आणि वार्षिक फीही नसलेली कार्डं बाजारात आहेत, त्यांच्याशी तुलना केली तर माझे ७,०८० उलट जास्त गेले. माझ्या कार्डावर खर्चाच्या साधारण तीन टक्के पॉइंट (पुढे तिकीट-हॉटेलला वापरता येणारे गुण) मिळतात, म्हणजे तीन लाखांवर नऊ हजार पॉइंट, म्हणून मी थोडी वर राहते. तेही पॉइंट निदान ७९ पैशांनी वटले तरच.

एक सूचना इथेच देते, कार्ड कुठलंही असो. परदेशात दुकानदार मशीन पुढे करतो तेव्हा त्यावर रुपये की तिथलं चलन असा पर्याय येतो. रुपये दिसले की आपल्याला घरचं वाटतं, पण तो दर दुकानाकडचा असतो, महाग असतो, आणि आपल्याकडच्या अनेक बँका त्यावरही टक्काभर लावतात. तिथलंच चलन निवडायचं. आणि क्रेडिट कार्डाने परदेशात केलेला खर्च टीसीएसच्या (पैसे परदेशी जाताना आगाऊ कापायच्या कराच्या) जाळ्यात आणायचं २०२३ मध्ये ठरलं होतं, ते जूनअखेरीस सरकारने लांबणीवर टाकलं. त्यामुळे फॉरेक्स कार्डात (परकीय चलन आधी भरून ठेवायच्या कार्डात) पैसे भरताना दहा लाखांच्या मर्यादेचा जो विचार करावा लागतो, तो इथे नाही.

पॉइंटची गंमत अशी की एका पॉइंटची किंमत सगळीकडे सारखी नसते. एचडीएफसीच्या इन्फिनिया कार्डाचं कोष्टक बघा: बँकेच्या पोर्टलवर विमान-हॉटेल घेतलं तर पॉइंटचा रुपया, स्टेटमेंटमध्ये वळता केला, म्हणजे बिलातून वजा करून घेतला, तर तीस पैसे. शिवाय तिकिटाच्या ७० टक्क्यांपर्यंतच पॉइंट चालतात, बाकी कार्डानेच भरायचे. इतर बँकांची रीत साधारण हीच. मी पॉइंट ८५ पैशांनी धरते. माझ्या बँकेच्या पोर्टलवर नागपूरचं तेच तिकीट विमान कंपनीच्या साइटपेक्षा दोन-तीनशेंनी महाग दिसतं, वर सुविधा शुल्क. आणि रद्द केलं तर तमाशा. विमान कंपनी म्हणते पैसे पोर्टलला दिले, पोर्टल म्हणतं बँकेला पाठवले, बँक म्हणते सात कामाचे दिवस. रुपये एका आठवड्यात आले, पॉइंट यायला दीड महिना आणि चार ईमेल लागले. बदलायची शक्यता असलेलं तिकीट मी आता पोर्टलवरून काढतच नाही.

पॉइंट साठवून ठेवण्याच्याही मी विरोधात आहे. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर महिन्याला लाखभर खर्च केला की २५,००० पॉइंट जादा मिळायचे. लोक त्यावर बिझनेस क्लासची स्वप्नं बघत होते. १ सप्टेंबर २०२३ पासून ते बंद झालं आणि फी दहा हजारांवरून साडेबारावर गेली. विस्तारा ही विमान कंपनी १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली, तिच्या नावाची कार्डं आणि त्यांवरची फुकट तिकिटं इतिहासजमा झाली. बँकेला अटी बदलायला एक ईमेल पुरतो.

मग माझं वसूल होतं का? होतं, पण त्याचं कारण माहितीपत्रकात नाही. माझ्या कार्यालयात तिकिटं आणि हॉटेल स्वतः काढून नंतर बिलं लावायची पद्धत आहे. खर्च कंपनीचा, पॉइंट माझे. वर्षभरातल्या पॉइंटांपैकी निम्म्याहून जास्त तिथून आलेत. माझ्या नवऱ्याच्या कंपनीत ट्रॅव्हल डेस्क (कंपनीचा प्रवास विभाग) परस्पर बुकिंग करतं. त्याने हेच कार्ड घेतलं असतं तर मी त्याला पहिल्या तिमाहीतच परत करायला लावलं असतं. कारण घरखर्चात हे कार्ड फारसं चालतच नाही. दूध, भाजी, रिक्षा, वाणी, सगळं यूपीआयवर. यूपीआयला जोडता येतं ते रुपे क्रेडिट कार्ड, आणि माझं त्या जातीचं नाही. सराफाकडे कार्ड काढलं की दोन टक्के वर मागतात. घरभाडं, पेट्रोल, वॉलेट यांवर पॉइंट नाहीत. उरतात विम्याचे हप्ते, कॉलेजची फी, इलेक्ट्रॉनिक्स. तिथेही तुलना शून्याशी करून चालत नाही. ९९९ रुपये फीचं एसबीआयचं कॅशबॅक कार्ड ऑनलाइन खरेदीवर मर्यादेपर्यंत पाच टक्के थेट देतं, ना पोर्टल ना पॉइंट. ज्याची खरेदी मुख्यतः ऑनलाइन आणि प्रवास कमी, त्याने ते घ्यावं आणि विमानतळावर स्वतःच्या पैशाने कॉफी प्यावी.

वर्षाला दहा लाख खर्च केले की फी माफ, हे आमिष जरा उलगडून बघा. माझ्या कार्डावर फी भरली की १२,५०० पॉइंट मिळतात. माफ झाली तर ते मिळत नाहीत. ८५ पैशांनी ते १०,६२५ रुपये. म्हणजे फी भरणाऱ्याला कार्ड खरं ४,१२५ ला पडतं, आणि दहा लाखांचा टप्पा गाठून वाचतात तेही तेवढेच. त्यासाठी लोक शेवटच्या महिन्यात मित्रांचे लॅपटॉप, भावाच्या लग्नाचा हॉल, सगळं आपल्या कार्डावर घेतात. वर्षात कार्डाचं बिल दहा लाखांच्या वर भरलं की बँक ते आयकर खात्याला कळवते आणि आयकर पोर्टलवरच्या तुमच्या वार्षिक माहिती विवरणात (एआयएस) ते दिसतं. मित्राने लॅपटॉपचे पैसे परत दिलेत हे त्यात दिसत नाही. चार हजारांसाठी एवढं स्पष्टीकरण देत बसायची मला हौस नाही.

विम्याचंही सांगायला हवं. सामान उशिरा आलं तर भरपाई, असं कलम आहे. आमची एक बॅग दीड दिवस उशिरा आली. दाव्यासाठी विमानतळावरच घेतलेला पीआयआर (सामान न आल्याची लेखी नोंद), विमान कंपनीचं पत्र, बोर्डिंग पास, तिकीट याच कार्डाने काढल्याचा पुरावा आणि त्या दीड दिवसात घेतलेल्या वस्तूंची बिलं लागली. टूथब्रश आणि कपड्यांची बिलं होती, औषधांची छापील बिलं नव्हती. तीन महिन्यांनी निम्मी रक्कम आली. वैद्यकीय विमा मी तरीही वेगळाच काढते. युरोपातल्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं संरक्षण दाखवणारं प्रमाणपत्र लागतं, तिथे कार्डाच्या माहितीपत्रकातली ओळ चालत नाही.

पुढच्या वर्षी हे कार्ड ठेवतेय, कार्यालयाची बिलं लावायची पद्धत आहे तोवर. नव्या वर्षापासून आमच्याकडेही ट्रॅव्हल डेस्क येणार अशी कुजबुज आहे. तसं झालं तर बंद. फक्त प्रवासासाठी पाहिजे असेल तर एचडीएफसीचं मॅरियट हॉटेल-साखळीबरोबरचं कार्ड ३,००० फीत दरवर्षी मॅरियटच्या १५,००० पॉइंटांपर्यंतच्या हॉटेलात एक रात्र देतं. एकच फायदा, पण मोजता येतो. तिकडे वळेन बहुतेक. कार्ड बंद करायचा अर्ज दिल्यावर, थकबाकी नसेल तर बँकेने सात कामाच्या दिवसांत ते बंद करायचं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला. तेव्हा “मॅडम, आणखी एक ऑफर ऐका” म्हणत फोन लांबवला तर घाबरू नका, अर्ज ईमेलने द्या आणि तारीख लिहून ठेवा. पॉइंट मात्र अर्जाआधी वापरून टाका.